महायंत्राची टिपणवही

‘मेनफ्रेम’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गणकयंत्रांविषयीं आपण ऐकलें असेल. बँकांचे व विमा कंपन्यांचे हिशेब तीं आजही सांभाळतात. त्यांपैकीं आय. बी. एम. च्या व्ही. एम. या व्यवस्थेंतील एका लहानशा सोयीविषयीं आज सांगावयाचें आहे.

१९७२ सालीं जाहीर झालेल्या त्या व्यवस्थेंत प्रत्येक माणसास जणूं स्वतःचें स्वतंत्र यंत्रच मिळतें. या यंत्रांत एखादी आज्ञावली संपली कीं तिनें मनांत धरलेले आंकडेही तिच्याबरोबर जातात. एकीनें काढलेला आंकडा दुसरीस हवा असेल, तर तो कोठें तरी टिपून ठेवावा लागतो. हें काम ‘ग्लोबल-व्ही’ ही आज्ञा करते. ती गटागटानें नांवें व त्यांच्यापुढें त्यांच्या किंमती मांडून ठेवते. ‘ग्लोबल’ म्हणजे सार्वत्रिक खरें. परंतु ही सार्वत्रिकता त्या एका माणसाच्या यंत्रापुरतीच समजावी.

टिपण किती काळ टिकावें, हें लिहितांनाच सांगावें लागतें. ‘सेट’ म्हणून लिहिलेलें टिपण फळ्यावरच्या अक्षरांसारखें. यंत्र पुन्हां सुरू केलें कीं पुसलें जातें. ‘सेट-एस’ नें लिहिलेलें ती बैठक संपेपर्यंत राहतें. ‘सेट-पी’ नें लिहिलेलें मात्र शाळेच्या जनरल रजिस्टराप्रमाणें कायम होतें. दुसऱ्या दिवशींही तें सांपडतें.

आतां हें टिपण परत कसें मिळवावयाचें? आय. बी. एम. च्या डेन्मार्कमधील जॉन हार्टमन यांनीं १९८० च्या सुमारास ‘पाइपलाइन्स’ रचण्यास प्रारंभ केला. नळाचे तुकडे जोडावे तशा लहान लहान क्रिया येथें उभ्या रेघेनें जोडतात. एकीतून निघालेल्या ओळी पुढचीत शिरतात.

एकच किंमत हवी असल्यास आज्ञावलींत ‘ग्लोबल-व्ही’ ला गटाचें नांव सांगून ‘गेट’ म्हणावें. किंमत त्याच नांवाखालीं आज्ञावलीच्या हातीं येते; मग ‘व्हर’ ही क्रिया ती नळांत सोडते. सबंध गट हवा असल्यास नळाच्या तोंडाशीं ‘कमांड’ ही क्रिया ठेवून तिच्याकडून ‘ग्लोबल-व्ही’ ची ‘लिस्ट’ मागवावी. एरव्हीं पडद्यावर उमटणाऱ्या ओळी मग नळांतून वाहूं लागतात.

येथें दोन गोष्टी संभाळाव्या. पहिली ओळ निवडलेल्या गटाचें शीर्षक असते. ती ‘ड्रॉप १’ नें वगळावी, नाहींतर शीर्षकच आंकडा म्हणून पुढें जाईल. नंतरच्या ओळींत नांव, बरोबरीचें चिन्ह व किंमत असा क्रम असतो. किंमतींतही तेंच चिन्ह असूं शकतें, म्हणून ओळ पहिल्या चिन्हापाशींच तोडावी.

आज सायंकाळीं ठेवलेली हिशेबाची तारीख उद्यां सकाळीं लागणार असेल आणि ती नुसत्या ‘सेट’ नें लिहिली असेल, तर नळ कितीही बिनचूक जोडला तरी कोरडाच राहील. म्हणून मिळविण्याची खरी चिंता ठेवण्याच्या वेळींच करावी.