डीजे वाजवायला पदवी कशाला?

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे एखाद्या मुलाने संगीत तंत्रज्ञान शिकायचं नाव काढलं की हा प्रश्न हमखास येतो. बँजो पार्टीतली पोरं कुठल्या कॉलेजात गेली होती, असं वर ऐकवलंही जातं. विचारणाऱ्याचा सगळाच दोष नाही. हळदीत आणि मिरवणुकीत त्याला या विषयाचं एवढंच रूप दिसतं: टेम्पोवर रचलेले स्पीकर आणि आवाज वाढवणारा हात. पण यंत्र चालवता येणं आणि ते कशामुळे चालतं हे कळणं, यांत फरक आहे. अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाजात भर पडते ती फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे शक्ती दहापट. हे ठाऊक नसलेला माणूस भाड्याने आणखी स्पीकर आणतो, पैसे घालवतो आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. पत्र्याच्या शेडमध्ये कीर्तनकाराचे शब्द कळेनात, की माइकवाला आवाज चढवतो. शब्दांची आणखी गिचमिड होते, कारण दोष आवाजाच्या पातळीत नसून छपरावरून परतणाऱ्या नादात असतो. हार्वर्डमधल्या अशाच एका सभागृहाचं दुखणं वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ पासून खुर्च्यांच्या गाद्या आतबाहेर करून, नाद किती सेकंदांत विरतो ते मोजत शोधलं. संगीत तंत्रज्ञानात शिकायचं असतं ते हे. बटणं तर आठवड्यात पाठ होतात.

यावर ‘ही साहेबाची थेरं, आपलं संगीत मोजून होत नाही,’ असं उत्तर मिळतं. मग सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवावेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने गाण्यातले स्वर तारेवर मोजले आणि बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली छापलं. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण खाँसाहेबांना जे मोजमाप कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं? आजही तारप्याचा सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांत कोंबायचा की जसा आहे तसा ध्वनिमुद्रित करायचा, हा निर्णय कानाइतकाच मोजमापावर उभा असतो.

संगीतरचना शिकण्याबद्दलचा आक्षेप जास्त चिवट आहे: चाल देवाने द्यावी लागते, ती शिकवता येत नाही. सुचणं शिकवता येत नाही, कबूल. पण सुचलेलं पन्नास वादकांच्या हाती कसं द्यायचं? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला-लिहायला शिकवलं जाई, आणि त्याच विद्येवर मुंबईतल्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा राहिला. ‘शिकल्याशिवाय मोठे झाले’ म्हणून ज्यांची उदाहरणं दिली जातात, त्यांतले बरेच जण कसून शिकलेले होते, फक्त विद्यापीठात नव्हे.

बाकीचे समज किरकोळ. गळा गोड हवा? ध्वनिमुद्रकाला कान तयार हवा. मोबाइलवरच्या ॲपने सगळं होतं? ॲप सूर लावून देतं, कुठे थांबायचं ते सांगत नाही. हे फक्त परदेशात शिकतात? मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे, आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-टीव्ही प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम आहे. शहापूरकराला आसनगावहून लोकल मिळते, मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. त्रास आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण खरं नुकसान करतो तो एक प्रेमळ सल्ला: ‘गाण्याची आवड आहे ना, मग सायन्स कशाला, आर्ट्स घे.’ एफटीआयआयच्या त्या अभ्यासक्रमासाठी पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र लागतं. तेव्हा घरात हा विषय शिकू पाहणारं कोणी असेल, तर दहावीनंतरचा अर्ज भरण्याआधी प्रवेशाची माहितीपत्रकं मागवून वाचा.