नव्या लॅपटॉपवर टर्बो सी का चालत नाही? निळ्या पडद्यामागचं गणित समजून घ्या

निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, वर राखाडी मेन्यू आणि कंट्रोल-एफ ९ दाबलं की प्रोग्राम रन. अकरावी-बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या, डिप्लोमा केलेल्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लॅबमध्ये बसलेल्या अनेकांनी कोडिंगचा पहिला धडा याच पडद्यावर गिरवला. त्याचं नाव टर्बो सी प्लस प्लस.

बोरलँड या अमेरिकन कंपनीने टर्बो सी आणलं १९८७ मध्ये. टर्बो सी प्लस प्लस आलं १९९० मध्ये आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये घट्ट बसलेली ३.० ही आवृत्ती १९९१ मधली. म्हणजे विंडोज ९५ यायच्याही चार वर्षं आधीची.

आता समजा, वलगावची एक विद्यार्थिनी आहे. अमरावती-परतवाडा रस्त्यावरचं, पेढी नदीच्या काठचं हे गाव. गाडगेबाबांचं निधन २० डिसेंबर १९५६ ला झालं ते याच गावाजवळ. पोटाला चिमटा काढा पण लेकरांना शिकवा, हे बाबांनी आयुष्यभर सांगितलं. या मुलीच्या घरच्यांनीही सोयाबीनच्या पैशातून तिला लॅपटॉप घेऊन दिला. ती अमरावतीला अपडाऊन करते. कॉलेजच्या लॅबमधलं टर्बोचं फोल्डर पेनड्राइव्हवर घरी आणते, डबल क्लिक करते आणि विंडोज सांगतं, हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

अशा वेळी पहिला संशय येतो लॅपटॉपवर, दुसरा स्वतःवर. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालून खराब माल आला. मुलगी म्हणते, मला कोडिंग जमतच नाही. खरं कारण दोन्ही नाही.

मग भानगड नेमकी काय आहे?

टर्बो सी हा डॉससाठी लिहिलेला १६-बिटचा प्रोग्राम आहे. त्या काळचे प्रोसेसर एका वेळी १६ बिटच्या मापात काम करायचे. इंटेलची १९७८ मधली ८०८६ ही चिप त्यातली मूळपुरुष. पुढे ३२-बिटचे प्रोसेसर आले, तेव्हा इंटेलने त्यांच्यात एक सोय ठेवली. नवा प्रोसेसर गरज पडली की जुन्या ८०८६ चं सोंग घेऊ शकायचा. ३२-बिटच्या विंडोजने हीच सोय वापरून डॉसचे प्रोग्राम चालवले.

६४-बिटचे प्रोसेसर त्यांच्या ६४-बिट मोडमध्ये चालू लागले की हे सोंग घेऊ शकत नाहीत. त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच ठेवलेला नाही. विंडोज १० पर्यंत ३२-बिटची आवृत्ती तरी मिळायची, विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. म्हणून कॉलेजच्या जुन्या पीसीवर जे चालतं ते घरच्या नव्या लॅपटॉपवर चालत नाही.

डॉसबॉक्स काय करतं?

यावरचा उपाय म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर मुळात जुने डॉस गेम खेळता यावेत म्हणून बनवलं गेलं. ते तुमच्या लॅपटॉपच्या आत एक अख्खा जुना कॉम्प्युटर सॉफ्टवेअरनेच उभा करतं. टर्बो सीला वाटतं आपण नव्वदच्या दशकातल्या पीसीवर चाललोय.

वापरायची पद्धत सोपी आहे. टर्बोचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचं. डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ ही कमांड द्यायची, म्हणजे ते फोल्डर डॉसबॉक्सला स्वतःचा ड्राइव्ह म्हणून दिसतं. मग आतल्या ‘बिन’ फोल्डरमध्ये जाऊन ‘टीसी’ टाइप करायचं. निळा पडदा हजर.

यात मुलं तीन ठिकाणी हमखास अडकतात.

पहिलं, माउस डॉसबॉक्समध्ये जाऊन बसतो आणि बाहेर येत नाही. कंट्रोल-एफ १० दाबलं की सुटतो.

दुसरं, कंपाइल करताना हेडर फाइल उघडता येत नाही अशी एरर येते. प्रोग्राम बरोबर असतो, पण टर्बो त्या फाइल चुकीच्या जागी शोधत असतं. ऑप्शन्स मेन्यूतल्या डिरेक्टरीजमध्ये जाऊन इन्क्लूड आणि लिब या दोन फोल्डरांचे पत्ते आपल्या ड्राइव्हप्रमाणे बदलायचे.

तिसरं, फाइलचं नाव. डॉसमध्ये नावाला फक्त आठ अक्षरं मिळतात. तुम्ही लांबलचक नाव दिलेली फाइल तिथे अर्धवट दिसते, म्हणून ती हरवल्यासारखी वाटते. नाव सुरुवातीपासूनच छोटं ठेवा.

चाललं तर झालं की, अडचण कुठे आहे?

अडचण पुढे आहे. सी प्लस प्लस या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरलं १९९८ मध्ये. टर्बो ३.० त्याच्या सात वर्षं आधीचं. म्हणजे लॅबमध्ये शिकवली जाणारी भाषा ही भाषेचे नियम पक्के व्हायच्या आधीची आहे.

एक साधा प्रयोग करून बघा. फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहा आणि उत्तर इंट या प्रकारात ठेवा. टर्बोमध्ये ७ चं फॅक्टोरियल ५०४० येतं, बरोबर. आता ८ टाका. उत्तर ४०३२० यायला हवं. पडद्यावर येतं उणे २५२१६.

कारण टर्बोमध्ये इंटला दोनच बाइट मिळतात. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ३२७६७. त्यापुढे गेलात की गाडीच्या मीटरसारखा आकडा फिरतो आणि उण्यातून पुन्हा मोजणी सुरू होते. आजच्या कंपायलरमध्ये इंट सहसा चार बाइटचा असतो, त्यामुळे १२ चं फॅक्टोरियल म्हणजे ४७९००१६०० सुद्धा बरोबर येतं. १३ ला तोही चुकतो आणि बहुतेक वेळा १९३२०५३५०४ असा आकडा दाखवतो. हा आकडा जास्त फसवा, कारण तो उणे नाही, चटकन चूक लक्षात येत नाही.

एकच प्रोग्राम, दोन कंपायलर, दोन उत्तरं. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर विद्यार्थी आपलं लॉजिक तपासत तासभर बसतो.

टर्बोतला प्रोग्राम नव्या कंपायलरमध्ये का फसतो?

आजच्या प्लेसमेंट टेस्ट आणि ऑनलाइन कोडिंग स्पर्धा ब्राउझरमध्ये होतात. मागे बहुतेक वेळा जीसीसीसारखा आधुनिक कंपायलर असतो. लॅबमध्ये पाठ केलेला प्रोग्राम तिथे टाकला की पहिल्याच ओळीपासून एरर. पण बहुतेक वेळा बदलायचं असतं एवढंच:

– आयओस्ट्रीम या हेडरच्या नावापुढचं ‘डॉट एच’ काढायचं.
– त्याखाली ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही ओळ लिहायची.
– ‘व्हॉइड मेन’ ऐवजी ‘इंट मेन’ लिहायचं.
– ‘कोनिओ’ हेडर आणि त्यासोबतचे ‘क्लियर स्क्रीन’, ‘गेटसीएच’ हे दोन्ही काढून टाकायचे. ते डॉसच्या काळातले आहेत, भाषेचा भाग नाहीत.
– फॉर लूपच्या कंसात तयार केलेला व्हेरिएबल लूपच्या बाहेर वापरायचा नाही. टर्बोमध्ये ते चालून जातं, स्टँडर्ड भाषेत नाही.

वर्तुळं आणि रेषा काढणारे ग्राफिक्सचे प्रोग्राम मात्र अपवाद. ते बोरलँडच्या स्वतःच्या ग्राफिक्स लायब्ररीवर चालतात. त्यांच्यासाठी डॉसबॉक्सच बरा.

थोडक्यात, लूप, ॲरे, फंक्शन, क्लास हे जे शिकलात ते वाया गेलेलं नाही. वरच्या चार-पाच ओळी बदलल्या की तोच प्रोग्राम आजच्या जगात चालतो. सीबीएसईने बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये सी प्लस प्लसची जागा पायथनला दिली आहे. पण सी प्लस प्लस ही भाषा म्हातारी झालेली नाही, म्हातारा झालाय तो टर्बो.

शाळेतल्या स्क्रॅचचं काय?

हाच प्रश्न शाळेतल्या मुलांनाही पडतो, फक्त सॉफ्टवेअर वेगळं. रंगीत ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारं स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्या तीन पिढ्या आहेत आणि तिघींचा पाया वेगवेगळा आहे.

१.४ ही आवृत्ती २००९ ची. ती ३२-बिटची असल्यामुळे आजच्या विंडोजवरही सहसा चालते. ॲपलच्या मॅकवर मात्र नाही, कारण २०१९ च्या कॅटालिनापासून ॲपलने ३२-बिटचे प्रोग्राम बंद केले.

२.० आली मे २०१३ मध्ये आणि ती उभी होती ॲडोबी फ्लॅशवर. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयर मजकूर चालवणंच नाकारू लागला. त्यामुळे तिन्ही पिढ्यांत सगळ्यात जास्त अडचण येते ती या मधल्या आवृत्तीला.

३.० आली २ जानेवारी २०१९ ला. ही थेट ब्राउझरमध्ये चालते, फ्लॅश लागत नाही.

दिलासा असा की ३.० मध्ये जुन्या दोन्ही पिढ्यांच्या फाइल उघडतात. म्हणजे सातवीत बनवलेला मांजरीचा गेम पेनड्राइव्हवर पडून असेल तर तो वाचवता येतो. पण उलटा प्रवास होत नाही. ३.० मध्ये सेव्ह केलेली फाइल २.० मध्ये उघडत नाही. म्हणून जुनी फाइल उघडण्याआधी तिची एक कॉपी बाजूला काढून ठेवा. शाळेत जुनी आवृत्ती आणि घरी नवी असेल तर हे विसरलं की प्रोजेक्ट सबमिट करायच्या दिवशी गोंधळ ठरलेला.

लोगो शिकलेल्यांसाठीही एक सूचना. अनेक शालेय पुस्तकांत असलेलं एमएसडब्ल्यू लोगो उघडलं तरी त्यातली मदतीची फाइल नव्या विंडोजवर उघडत नाही, कारण मायक्रोसॉफ्टने ती जुनी पद्धतच सोडली आहे. त्याचाच पुढचा अवतार एफएमएस लोगो मोफत आहे. कासवाला पुढे नेणाऱ्या आणि वळवणाऱ्या कमांड त्याच आहेत.

जुनं म्हणजे वाईटच का?

नाही. शाळेच्या लॅबमध्ये विंडोज ७ चे दोन जीबी रॅमवाले पीसी असतील आणि इंटरनेट येत-जात असेल, तर तिथे स्क्रॅच १.४ हा शहाणपणाचा पर्याय आहे. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, म्हणजे तिथे नवं वेब सॉफ्टवेअर हळूहळू साथ सोडणारच. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

अशा मशीनवर जुनं कोडिंग सॉफ्टवेअर बिनधास्त वापरा, फक्त ती इंटरनेटपासून दूर ठेवा आणि पेनड्राइव्ह स्कॅन करूनच लावा. दुसरा मार्ग लिनक्सचा. हलकं लिनक्स टाकलं की जुन्या मशीनलाही सुरक्षा अपडेट मिळत राहतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस हे भारतीय लिनक्स बनवलंय आणि शाळांसाठी त्याची एज्युबॉस ही आवृत्तीही काढली आहे.

लॅपटॉपच नसेल तर?

मोबाइलवरही सी प्लस प्लस शिकता येतं. अँड्रॉइडवर सीएक्सएक्सड्रॉइडसारखं ॲप इंटरनेट नसतानाही प्रोग्राम कंपाइल करतं. पण इथेही जुन्या आवृत्तीचा नियम लागू आहे. अँड्रॉइड १४ पासून खूप जुन्या, म्हणजे अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांनुसार बनवलेल्या ॲप इन्स्टॉलच होत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी जुनी एपीके फाइल चालली नाही, तर फोन बदलायला धावू नका.

डाउनलोड करताना जपून

‘टर्बो सी विंडोज ११ फ्री डाउनलोड’ असं सर्च केलं की ढीगभर साइट समोर येतात. त्यातल्या कित्येक फाइल कुणीतरी स्वतः बांधून अपलोड केलेल्या असतात आणि आत आणखी काय आहे ते कळायला मार्ग नसतो. बोरलँडने आपल्या काही जुन्या आवृत्त्या नंतर अधिकृतपणे मोफत दिल्या. टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी प्लस प्लस १.०१ त्यात आहेत, ३.० नाही. एखादी साइट अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा असं सांगत असेल, तर तिथूनच परत फिरा.

मग करायचं काय?

प्रॅक्टिकल परीक्षा टर्बोवर असेल तर घरी डॉसबॉक्स ठेवा आणि तिथे सराव करा. मार्क तिथेच मिळणार आहेत. सोबत कोडब्लॉक्स किंवा डेव्ह सी प्लस प्लस यापैकी एक मोफत सॉफ्टवेअर टाका. लॅबमध्ये झालेला प्रत्येक प्रोग्राम घरी त्यात बदलून चालवा. सुरुवातीला दहा मिनिटं लागतील, पंधरवड्याने दोन.

आणि शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना एक विनंती. पहिल्या तासाला फळ्यावर सॉफ्टवेअरच्या नावासोबत त्याचं वर्षही लिहा. १९९१ हा आकडा एकदा डोळ्यांसमोर असला की घरच्या लॅपटॉपवर एरर आल्यावर पोरं स्वतःला दोष द्यायच्या आधी कंपायलर कोणता आहे ते तपासतील.