पापणीएवढा धंदा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की बाजाराचा तोंडवळा बदलतो. खजूर, शेवया, अत्तर, टोप्या हे सगळं आधीपासून असतंच, पण विसाव्या रोजानंतर गर्दी सरकते ती बांगड्या, मेंदी आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांकडे. मुंबईचा महंमद अली रोड घ्या, नाहीतर मालेगावातला एखादा मोहल्ला. काचेच्या कपाटात सुरम्याच्या बाटलीशेजारी हल्ली एक चपटी, पारदर्शक झाकणाची डबी हमखास दिसते. आत दोन काळ्या चंद्रकोरी. कृत्रिम पापण्या. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, मेंदी काढायला बसलेल्या मुली कुठली डबी घ्यायची ते एकमेकींना नंबरासकट सांगत असतात.

उर्दू गझल वाचत वाढलेल्यांना याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. गझलेत पापणीच्या केसांना ‘मिज़गाँ’ म्हणतात आणि ते बाण असतात. भुवई हे धनुष्य, समोरचा प्रेमिक हे लक्ष्य. तीनशे वर्षं कवींनी ज्या बाणांवर वह्या भरल्या ते आता बारकोड लावून, गोंदाच्या नळीसकट मिळतात.

या बाणांचा धंदा करून जगात नाव कमावलेली एक आई आहे, हुदा कत्तान. तिच्या कंपनीचं नाव ‘हुदा ब्यूटी’. मुलींना हे नाव पाठ असतं, त्यांच्या आयांना नसतं. ‘हुदा’ म्हणजे मार्गदर्शन. कुरआनच्या दुसऱ्या सूरहच्या अगदी सुरुवातीला हा शब्द येतो. हुदाचे आईवडील इराकमधून अमेरिकेत गेलेले. तिचा जन्म १९८३चा, ओक्लाहोमा सिटीतला. गोऱ्या मुलांच्या शाळेत आपण कुरूप आहोत असं वाटत मोठं झाल्याचं तिनं मुलाखतींतून सांगितलं आहे. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न शाखेतून तिनं पदवी घेतली ती फायनान्सची, सौंदर्यशास्त्राची नव्हे. पुढे या पदवीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

२००६च्या सुमारास वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब दुबईला आलं. दुबई आपल्याला परकी नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे आहे आणि २००८-०९च्या मंदीत दुबईत काय झालं हे त्या घरांना वेगळं सांगायला नको. कुणाची बांधकामावरची नोकरी गेली, कुणाची कार्यालयातली. हुदाही तेव्हा नोकरभरतीच्या क्षेत्रात काम करत होती आणि तीही घरी बसली. मग ती लॉस एंजेलिसला जाऊन मेकअप शिकली, दुबईला परतून मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करू लागली आणि २०१० मध्ये तिनं ब्लॉग लिहायला घेतला. २०११ मध्ये मुलगी झाली, नूर.

नवरीला किंवा एखाद्या नटीला सजवताना बाजारातल्या पापण्या तिच्या मनाला येत नसत. म्हणून ती दोन-तीन प्रकारच्या पट्ट्या आणायची, कात्रीने कापायची आणि एकमेकींना जोडून हवी तशी पापणी बनवायची. आपल्याकडे अनेक जणी असंच करतात. काठ एका साडीचा, पदर दुसरीचा आणि ब्लाउज तिसऱ्याच कापडाचं. फरक एवढाच की तिच्या बहिणींनी हे पाहिलं आणि ‘हे तू विकत का नाहीस?’ असं विचारलं. नुसतं विचारलं नाही. एका बहिणीनं ६००० डॉलर कर्जाऊ दिले, तेव्हाच्या दरानं सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास. २०१३च्या आरंभी दुबई मॉलमधल्या सेफोराच्या दुकानात तिच्या पापण्या विक्रीला आल्या. किम कार्दाशियननं त्या लावल्या आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही.

सुरुवात पापण्यांनीच का झाली, याचं उत्तर मला तिच्या फायनान्समध्ये दिसतं. लिपस्टिक काढायची तर वीस छटा हव्यात, फाउंडेशन काढायचं तर प्रत्येक कातडीचा रंग वेगळा. पापणी मात्र काळीच. सुदानी बाईला चालते तीच फिलिपिनो बाईला चालते. वजन नाही, जागा खात नाही, लवकर खराब होत नाही आणि चार-दहा वेळा वापरली की गिऱ्हाईक पुन्हा दारात. सव्वातीन लाखांत यापेक्षा शहाणा माल शोधून दाखवा! हा विचार तिनं याच शब्दांत केला असेल असं नाही, पण हिशेब असाच बसतो.

पुढचं थोडक्यात. २०१७ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं तिच्याकडून छोटा हिस्सा विकत घेतला. २०१८ मध्ये ‘फोर्ब्स’नं तिची संपत्ती ५५ कोटी डॉलरच्या घरात धरली. दरम्यान नवरा आपली नोकरी सोडून बायकोच्या कंपनीत आला. बहिणी आधीपासून होत्याच. २०२५ मध्ये तिनं तो विकलेला हिस्सा परत विकत घेतला.

रमजानच्या पानावर पापण्यांचं काय काम, असं काही वाचक म्हणतील. तोही प्रश्न रास्त आहे. मुलींना तर तो दर रमजानला पडतो. रोजा मेकअपने तुटत नाही. अडचण येते ती वुजूची, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याची. वुजूत चेहऱ्यावर पाणी सर्वत्र पोचलं पाहिजे आणि गोंदाने चिकटवलेली पट्टी पापणीच्या मुळाशी पाणी जाऊ देत नाही. म्हणून पट्टी काढूनच वुजू करावा लागतो. आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या, एकेक केस चिकटवलेल्या पापण्यांचं प्रकरण तर त्याहून अवघड. शिवाय केसांना केस जोडणाऱ्या बाईबद्दलची हदीस आहे. तिच्या आधारे अनेक उलेमा कृत्रिम पापण्याच नाजायज मानतात, तर काही साहित्य कुठलं आणि हेतू कोणता यानुसार फरक करतात. वर्गातल्या मुली माझ्याकडून फतवा मागतात. मी त्यांना वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात पाठवते. पण त्यांनी काढलेला तोडगा मला ठाऊक आहे: इशा आणि तरावीह उरकायची, मग पट्टी लावायची आणि फज्रच्या आधी सोलून डबीत ठेवायची.

पट्टी सोलताना कधी तिच्याकडे नीट पाहिलंत तर दिसेल, ती एका बारीक दोऱ्यावर बांधलेली असते. ताणलेल्या दोऱ्यावर बारीक केस, बहुधा कृत्रिम धाग्याचे, दोन-दोन तीन-तीन घेऊन हाताने गाठवतात. एक गाठ, मग शेजारी दुसरी. मग गोंद, मग कात्री. नंतर पट्ट्या बारीक नळीवर कागदात गुंडाळून भट्टीत ठेवतात म्हणजे बाक येतो. यंत्रं आली आहेत, पण चांगल्या पट्टीला अजून बोटं लागतात. चीनच्या शांतुंग प्रांतातलं पिंगदू हे या कामाचं मोठं ठाणं. दुसरं इंडोनेशियात, मध्य जावातलं पुरबालिंगा. तिथे कोरियन भांडवलाचे कारखाने आहेत, हजारो बायका तिथे पापण्या आणि टोप बनवतात आणि पुष्कळसं काम गावोगावच्या घरांतून, नगाच्या दरावर होतं. आपल्या भिवंडी-मालेगावकडच्या घराघरांत बायका मण्यांचं, जरीचं काम करतात, तसंच. मध्य जावा हा मुसलमान मुलूख. म्हणजे रोजा धरून, मान वाकवून गाठी मारणारीही कुणाची तरी आईच. तिच्या पापणीवर तिचं नाव नसतं. आणि या साखळीत याहून काळोखी खोलीही आहे: २०१९ मध्ये एका अमेरिकी कंपनीला सुमारे दहा लाख डॉलर भरावे लागले, कारण चीनमधून आलेल्या तिच्या पापण्यांत उत्तर कोरियाचा माल निघाला. तिथल्या मजुराच्या हातात काय पडतं हे विचारण्याची सोयच नाही.

पैसा कोणाच्या हातात पडतो, या प्रश्नाशी माझं या महिन्यात नातं येतं ते जकातीमुळे. ज्याच्याकडे निसाबएवढी, म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी मालमत्ता वर्षभर राहिली त्यानं अडीच टक्के द्यायचे. बहुतेक घरं हा हिशेब रमजानमध्येच करतात. त्यात विक्रीसाठी ठेवलेला मालही मोजतात, मग तो सोन्याचा असो की पापण्यांचा. पण जकात माणसावर असते, कुटुंबावर नसते. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. जकातीच्या वहीत ‘आमचं’ असं खातं नाही. सूरह निसाच्या बत्तिसाव्या आयतीत पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा हिस्सा आणि बायकांच्या कमाईत बायकांचा, असं स्पष्ट सांगितलं आहे. घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्यावर. बायकोनं घातले तर तो तिचा मोठेपणा.

आता आपल्याकडच्या मेकअप करणाऱ्या बाईच्या घरी जा. हजरत खदीजा व्यापारी होत्या, हे त्या घरातला प्रत्येक पुरुष जुम्याला ऐकून आलेला असतो. मधल्या खोलीत आरसा, भोवती दिवे, एक उंच खुर्ची. नवरीचं पॅकेज, साखरपुड्याचं पॅकेज. चाँदरातीला इफ्तारनंतर बसलेली बाई फज्रपर्यंत उठत नाही, कडेवरचं पोर शेजारणीकडे. काम संपलं की गिऱ्हाईक भिंतीवरच्या क्यूआर कोडसमोर फोन धरतं आणि पडद्यावर नाव उमटतं नवऱ्याचं. नाहीतर भावाचं, सासऱ्याचं. घरात कुणी वाईट नसतं. विचारलं तर म्हणतात, ‘अहो, तिचा छंद आहे, तेवढाच वेळ जातो.’ कोविडच्या टाळेबंदीत याच छंदानं कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. छंदाला वही नसते, बँकेचं खातं नसतं, म्हणून उद्या दुकान थाटायला कर्ज मागायला गेली तर दाखवायला कागद नसतो. तलाक झाला, नवरा अकाली गेला, तर दहा वर्षांची कमाई कुठली हे तिलाच सिद्ध करता येत नाही. हुदाच्या बहिणीनं दिलेल्या ६००० डॉलरची किंमत मला इथे कळते. ते कर्ज होतं, म्हणजे कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं होतं. नाव होतं हुदाचं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पदवीनंतर लग्न होऊन शेजारच्या तालुक्याला गेली. दोन मुलं आहेत, धाकटं अजून अंगावर पितं. ती नवऱ्या सजवते आणि सोबत पापण्यांच्या डब्या घाऊक आणून आसपासच्या पार्लरवाल्यांना विकते. डबीवर स्वतःच्या नावाचं स्टिकर लावते. मुंबईहून कोऱ्या डब्या मागवल्या की ते जमतं. पंधराव्या रोजाला तिचा फोन आला. जकातीचं विचारायचं होतं. यंदा पहिल्यांदा वेगळं खातं काढलंय, म्हणाली, नवऱ्यानंच बँकेत नेलं, कारण त्याच्या खात्यावर आयकराची विचारणा आली होती. चला, कुठल्या का निमित्तानं! मालाचं कसं धरायचं, खुर्ची-आरशाचं काय आणि नवरीला लावायला फोडलेल्या अर्ध्या डब्यांचं काय, असे तिचे तीन प्रश्न होते.

शेवटचा प्रश्न मला आवडला. खुर्ची, आरसा, दिवे, ब्रश ही हत्यारं. त्यांच्यावर जकात नाही, एवढं मी सांगितलं. फोडलेल्या डब्यांचं गावातल्या मौलानांना विचार म्हटलं. विकायच्या डब्या तेवढ्या आज बाजारात ज्या भावाला जातील त्या भावाने लिही, शिल्लक रोकड मिळव, देणी वजा कर. वरच्या ओळीत मालकाचं नाव. फोन चालू ठेवूनच तिनं पलंगाखालचं खोकं ओढलं, मला पुठ्ठ्याचा आवाज आला, पोरगं मध्येच रडलं, त्याला मांडीवर घेऊन ती मोजत राहिली. दोनशे चौदा निघाल्या.