बैठका आणि धावणे : संख्येपेक्षा पद्धत महत्त्वाची

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात भल्या पहाटे, पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या सोबतीने, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणीही रस्त्यावर दिसतात. दि. १५ ऑगस्ट २०१८ रोजी या भागासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. शिपाई पदाच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक आहेच.

दम वाढावा म्हणून अनेक उमेदवार वेगाने धावणे आणि बैठका आलटून पालटून, अल्प विश्रांती घेऊन करतात. या पद्धतीस शास्त्रीय आधार आहे. जपानमधील संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० सेकंद कष्ट व १० सेकंद विश्रांती असा क्रम वापरला होता. मात्र तो प्रयोग एका जागी स्थिर असलेल्या सायकलीवर झाला होता. सायकलीवर शरीराचा भार बैठकीवर असतो आणि पावलांना जमिनीचे धक्के बसत नाहीत. धावताना व बैठका मारताना तसे नसते. थकवा आला की ठेवण बिघडते आणि सारा ताण गुडघे, नडगी व कंबर यांवर येतो.

बैठक कशी असावी?

आखाड्यातील पारंपरिक बैठकीत टाचा उचलल्या जातात व हातांना झोका दिला जातो. ती रिकाम्या हातांची, सरावाने साधणारी क्रिया आहे. खांद्यावर वजन घेऊन तसे केल्यास तोल पुढे जातो. म्हणून नवशिक्याने पाय खांद्यांइतके अंतरावर ठेवावेत, चवडे किंचित बाहेर वळवावेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात. मागे पाटावर बसावे तसे कंबर मागे नेत खाली यावे. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच वाकावेत, आत झुकू नयेत. गुडघा बोटांच्या पुढे मुळीच जाता कामा नये, हा समज बरोबर नाही. तो हट्टाने अडविल्यास पाठ अधिक वाकते. प्रारंभी बाकाच्या उंचीपर्यंतच बसावे व खोली हळूहळू वाढवावी.

धावताना काय पाहावे?

लांब ढांग टाकल्याने वेग वाढतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या फार पुढे पडलेले पाऊल गतीला अडथळा करते. पाऊल शरीराखाली पडावे, खांदे सैल असावेत, कोपर काटकोनात असावे. उजवे पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडते ते मोजून त्यास चारने गुणावे, म्हणजे मिनिटातील पावले कळतात. ती १६० असल्यास तोच वेग ठेवून १६८ पर्यंत न्यावीत. एवढ्या बदलानेही गुडघ्यावरील भार कमी होतो.

कष्टाच्या व्यायामापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करावे. ठेवण बिघडताच तो फेरा थांबवावा. रात्रपाळीनंतर झोप न घेता असा व्यायाम करू नये. उन्हात धावताना कोणी बरळू लागला किंवा कोसळला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे व त्वरित रुग्णालयात न्यावे.

या कामी गावाचा हातभार मोलाचा आहे. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांना वाहनांचाही धोका असतो. ग्रामपंचायतीने शाळेच्या मैदानावर चुन्याने २०० मीटरचा मार्ग आखून दिला, तर आठ फेऱ्यांत १,६०० मीटर पूर्ण होतात. क्रीडा शिक्षकाने आठवड्यातून एकदा गुडघे आणि पावले यांवर नजर ठेवली, तर चुका वेळीच सुधारतील. दुखावलेल्या गुडघ्यामुळे उमेदवाराचे वर्ष वाया जाऊ शकते. हे टाळण्यासाठी लागणारा खर्च फार थोडा आहे.