गाठ, विजेरी आणि प्लॅटिनम

अंघोळ करताना एखाद्या मुलाच्या हाताला वृषणावर खड्यासारखी टणक गाठ लागते. दुखत नाही म्हणून तो गप्प बसतो. आणि घरी सांगायची लाज वाटते ती वेगळीच! पण डॉक्टरांना न दुखणारी गाठच अधिक संशयास्पद वाटते. (एकाएकी असह्य दुखू लागले तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. मग शक्यतो सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते.)

डॉक्टर प्रथम बोटांनी चाचपून पाहतात. मग खोलीत अंधार करून सुजेमागे विजेरी धरतात. सूज तांबूस उजळली तर आत बहुधा पाणी, म्हणजे जलवृषण. उजळली नाही तर काहीतरी भरीव असण्याचा संभव. नक्की काय ते सोनोग्राफीत दिसते. रक्तही तपासतात. गंमत अशी, की गरोदरपणाच्या चाचणीत जे संप्रेरक शोधतात, तेच काही वेळा या रुग्णांच्या रक्तात सापडते!

इतरत्र गाठीचा तुकडा सुईने काढून तपासतात. इथे सहसा तसे करीत नाहीत. कर्करोगाचा दाट संशय असेल तर जांघेत छेद घेऊन संपूर्ण वृषणच काढतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ खाली आणि छेद वर, असे का? गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि जन्माच्या आधी खाली उतरते. म्हणून त्याच्या लसीकावाहिन्या थेट पोटात जातात. वृषणकोशाच्या त्वचेच्या लसीकावाहिन्या मात्र जांघेत जातात. त्या त्वचेला छेद दिला, तर रोगपेशींना एक नवीच वाट मोकळी होईल! उरलेले एक वृषण पुढे बाप होण्यासही सहसा पुरते.

रोग पसरला असेल तर? १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जीवाणूंवर विद्युत्क्षेत्राचा परिणाम पाहत होते. जीवाणूंचे विभाजन थांबले. ते नुसते लांबच लांब वाढत गेले. ही करामत विजेची नव्हती, तर प्लॅटिनमच्या विद्युत्-अग्रांपासून द्रावणात तयार झालेल्या संयुगांची होती. पेशी विभागल्याच नाहीत तर गाठ वाढणार कशी? त्यातूनच सिसप्लॅटिन हे औषध आले. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांबरोबर वापरले. पूर्वी पसरलेल्या रोगातून फार थोडे वाचत. आता बहुसंख्य बरे होतात. उपचारात ओकाऱ्या होतात, केसही गळतात. केस काही महिन्यांत परत येतात.