हातउसने आणि जामीनकीची सही

जून महिना लागला की पैशासाठी येणारे फोन वाढतात. शाळा-कॉलेजच्या फिया, बियाणं-खत, पावसाआधी बदलायचे घरावरचे पत्रे, सगळं एकाच पंधरवड्यात अंगावर येतं. पीककर्ज वेळेत हाती पडलं नाही की माणूस आधी सख्ख्याकडे, मग चुलत-मावसाकडे आणि शेवटी कामावरच्या मित्राकडे वळतो. आधी तब्येतपाणी विचारलं जातं, मुलांची चौकशी होते, आणि मग आवाज जरा खाली येतो: "दादा, थोडी नड होती."

पैशावरून नाती तुटतात ती पैसे बुडाल्यावर, असा आपला समज असतो. मला वाटतं, तुटायची सुरुवात या फोनवरच होते. मागणारा म्हणतो, "हात मोकळा झाला की देतो." त्याच्या डोळ्यांसमोर दिवाळी असते, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढचा पगार. दोघेही प्रामाणिक असतात. ऑगस्टमध्ये देणाऱ्याला वाटू लागतं की हा टाळतोय. आणि मागणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे तर याला एवढी घाई कसली? तारीख विचारायची भीड पडली म्हणून पुढे दोन घरांचं जाणं-येणं कमी होतं.

म्हणून पहिलं काम तारीख ठरवणं, आणि ती कॅलेंडर बघून नव्हे, पैसा कुठून येणार हे बघून ठरवायची. सोयाबीनवाल्याचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, ऊसवाल्याचा कारखान्याचं बिल निघाल्यावर, पगारदाराचा दर महिन्याला. सोयाबीनवाल्याला ऑगस्टची तारीख घालून देणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. सरळ विचारावं, "कुठून येणार आहेत, आणि कधी?" हा संशय नाही, चौकशी आहे. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तरच नाही त्याला उसने देऊ नयेत. त्याला जमेल तेवढी मदत द्यावी, आणि ती मदत आहे हे त्याच वेळी सांगून टाकावं.

हे सांगून टाकणं फार कमी लोक करतात. दवाखान्याचं बिल, अचानक गेलेली नोकरी, घरातला मृत्यू, अशा वेळी तीस हजार मागणाऱ्याला आपण पंधरा देतो आणि गप्प बसतो. मनात म्हणतो, आले तर आले. पण समोरच्याच्या डोक्यावर ते ओझं राहतं. तो समारंभात आपल्याला चुकवू लागतो, आणि आपल्यालाही अधूनमधून ते पंधरा हजार आठवतात. त्याऐवजी, "हे दहा माझ्याकडून, परत द्यायचे नाहीत, पुन्हा विषयही काढायचा नाही," असं एका वाक्यात म्हटलं की दोघेही मोकळे होतात. रक्कम कमी झाली तरी चालेल.

आता खरोखरचे हातउसने. इथे कायद्याच्या दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात, कारण घरगुती व्यवहार म्हणून कायदा बाजूला उभा राहत नाही.

पहिली गोष्ट रोखीची. प्राप्तिकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, आणि तेवढी रक्कम रोखीने फेडताही येत नाही. आधीची बाकी आणि नवी रक्कम मिळून ही मर्यादा मोजली जाते, त्यामुळे दहा-दहा हजारांचे तुकडे करूनही सुटका नाही. घेताना नियम मोडला तर दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कुणालाच करपात्र उत्पन्न नसेल, तर हा नियम लागत नाही. बाकी सगळ्यांनी बँकेतून किंवा यूपीआयने पाठवावेत. त्यात नोंद आपोआप होते, हा वरचा फायदा. पाठवताना शेऱ्याच्या जागी 'उसने' एवढा शब्द लिहिला तरी पुढे पुष्कळ काम होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशांसाठी दावा लावायला ३ वर्षं मिळतात. परतीची तारीख ठरली नसेल तर ही वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. ठरली असेल तर त्या तारखेपासून. मुदत संपायच्या आत घेणाऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर तिथून नवी ३ वर्षं सुरू होतात. भावावर दावा कोण लावतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, बहुतेक जण लावत नाहीत, लावूही नये. पण घेणारा उद्या नसला आणि हिशेब त्याच्या मुलांशी करायची वेळ आली, तर "काका म्हणतायत म्हणजे दिले असतील" यावर किती काळ निभणार? कागद त्या दिवसासाठी असतो. देणारा आधी गेला तर त्याच्या बायकोलाही तोच कागद उपयोगी पडतो; पुष्कळ घरांत नवऱ्याने कुणाला किती दिले हे बायकोला ठाऊक नसतं.

मोठी रक्कम असेल तर वचनचिठ्ठी करावी. रक्कम अंकी आणि अक्षरी, तारीख, कुणी कुणाला, आणि रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही. तिकीट त्याच वेळी लावायचं. बिनतिकिटाचे इतर बरेचसे कागद नंतर दंड भरून कोर्टात चालवता येतात, वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. लहान रकमेसाठी एवढा सोपस्कार नको. पैसे पाठवल्यावर एक संदेश पुरे: "संतोष, आज १५,००० पाठवले. ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतरच्या आठवड्यात परत. काळजी घे." त्याचं 'हो दादा' आलं की झालं. सहीच्या कागदाइतकं त्याचं वजन नाही, पण आठवणीपुरतं ते भरपूर आहे.

परत मागायचं कसं, हा प्रश्न देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त छळतो. आपलेच पैसे मागताना आपलाच चेहरा पडतो. काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. लग्नकार्यात, बारशाला, किंवा त्याच्या बायकामुलांसमोर विषय काढू नये. तिसऱ्याकडून निरोप तर अजिबात पाठवू नये. मामांना सांगितलं की ते मामींना कळतं आणि संध्याकाळपर्यंत भावकीला. ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी स्वतः फोन करावा आणि पहिल्याच मिनिटात विषयावर यावं. "पुढच्या आठवड्याचं लक्षात आहे ना? काही अडचण असेल तर आत्ताच सांग, आपण हप्ते पाडू." या वाक्यात आठवण आहे आणि वाटही आहे. एकदम जमत नसेल तर दरमहा दोन हजार घ्यावेत, पण त्याचीही तारीख ठरवावी.

घेणाऱ्याच्या बाजूचा नियम एकच आहे: तारीख चुकणार असेल तर आधी आपण फोन करायचा. तारीख उलटल्यावर गप्प बसायचं आणि स्टेटसला महाबळेश्वरचे फोटो टाकायचे, हे मी पाहिलेलं आहे. बिचाऱ्याला कदाचित मेहुण्याने फुकट नेलं असेल. पण देणाऱ्याला ते कसं कळणार?

व्याजाबद्दल थोडक्यात. नात्यात व्याज घेऊ नये, असं माझं मत. घ्यायचंच असेल तर दर आधी लिहून घ्यावा. व्याज लावून चार लोकांना पैसे फिरवायचा धंदाच सुरू केला, तर मात्र महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो.

इथवर नुकसान झालं तरी ते मोजून दिलेल्या रकमेचं. जामीनकीत मात्र खिशातून एक रुपया न काढता माणूस अडकतो.

"नुसती सही तर करायचीय." पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार लागतात, आणि पगारदार जामीनदार मिळाला तर संस्थेला तो हवाच असतो. म्हणून शिक्षक, एसटीतले, पालिकेतले कर्मचारी यांच्याकडे पाहुणेमंडळी या कामासाठी हमखास येतात. सही करणाऱ्याची समजूत अशी असते, की कर्जदाराने फेडलं नाही तर संस्था आधी त्याचं घरदार बघेल, ते पुरलं नाही तर मग आपल्याकडे येईल. कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय थकवा आणि मग जामीनदाराकडे जा, असं बंधन धनकोवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितलं आहे. आणि माणसाच्या स्वभावाप्रमाणे वसुली अधिकारीही सोपी वाट आधी धरतो. कर्जदाराचा धंदा बसलेला, फोन बंद. जामीनदाराचा पगार मात्र दर एक तारखेला जमा होतो.

सहकारी पतसंस्थेच्या वसुलीचा रस्ता दिवाणी दाव्यापेक्षा जवळचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. बोलीभाषेत 'एकशेएकचा दाखला'. त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, म्हणजे जप्तीपर्यंत. या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. 'कोर्टात बघून घेऊ' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय सहीबरोबर संस्थेने जामीनदाराचा धनादेश ठेवून घेतला असेल, तर तो न वटल्याचा फौजदारी खटला जामीनदारावरही चालू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निर्णय २००२ चा आहे. आणि दिलेली हमी पतअहवालात दिसत असेल, तर उद्या स्वतःसाठी गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक तीही मोजते.

एवढं असूनही जामीन राहावं लागतं, कधी राहायलाही हवं. सख्ख्या बहिणीचा धंदा उभा राहत असेल तर भाऊ नाही म्हणणार का? पण मग सहीआधी हप्ता किती, मुदत किती, तारण काय, आधीचं काही थकलंय का, हे विचारायला लाजू नये. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा हप्ता उद्या मला भरावा लागला, तर माझ्या घरात कशाला कात्री लागेल? उत्तर पचत असेल तर सही करावी. कोऱ्या रकान्यांवर करू नये. प्रत्येक पानाचा फोटो काढावा, धनादेश दिला तर त्याच्या क्रमांकाची पोच घ्यावी. दर तीन महिन्यांनी खातेउतारा दाखवायचा, असं कर्जदाराशी तेव्हाच ठरवावं. हप्ता थकल्याचं नोटिशीने कळण्यापेक्षा दुसऱ्याच महिन्यात कळलेलं बरं.

दुसरा जामीनदार कोण आहे तेही बघावं. दोघे सहजामीनदार असतील आणि सगळी रक्कम एकाला भरावी लागली, तर तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. मूळ कर्जदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करायचा हक्क तर असतोच, आणि कर्जाला तारण असेल तर पूर्ण फेड केल्यावर धनकोचे त्या तारणावरचे हक्क जामीनदाराकडे येतात. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पैसे भरून ते गप्प बसतात. कर्जाच्या अटी आपल्याला न विचारता बदलल्या तर जामीनदार पुढच्या जबाबदारीतून सुटतो, अशीही तरतूद आहे. पण छापील अर्जात तो हक्क सोडून दिल्याचं कलम बहुधा असतं. वाचावं.

नाही म्हणायचं असेल तर? आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' ही म्हण सगळ्यांना पाठ, आणि सही करताना कुणालाच आठवत नाही. नकाराचे जे प्रकार चालतात ते बहुतेक वाईट. "बघतो" म्हटलं की समोरचा होकार धरून बसतो आणि दुसरीकडे विचारत नाही. महिनाभराने नाही म्हटलं तर त्याचं खरंच नुकसान होतं. "घरात विचारतो" म्हटलं की बायको कायमची वाईट ठरते. खोटी कारणं तर आठवडाभरात उघडी पडतात. त्यापेक्षा त्याच दिवशी, छोटं आणि खरं बोलावं. "दाजी, माझ्या गृहकर्जाची अजून नऊ वर्षं आहेत. जामीन राहणं मला झेपणार नाही. तुम्ही आजच दुसरीकडे बघा, म्हणून लगेच सांगतोय." कारण एकच द्यावं. चार दिली की समोरचा एकेक खोडत बसतो. "मी कुणालाच जामीन राहत नाही" हे वाक्यही चांगलं, पण ते पाळत असाल तरच. साडूला सही दिली आणि दाजींना नियम सांगितला, तर तो नियम दोन्हीकडून बुडतो.

नकारासोबत दुसरी वाट सुचवता आली तर नकार कमी टोचतो. सोनं असेल तर सोनेतारण कर्जाला सहसा जामीनदार लागत नाही. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळतं; कर्ज देण्याजोग्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवरही मिळतं. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधीतून ठरावीक कारणांसाठी पैसे काढता येतात. सोबत बँकेत जाऊन अर्ज भरून देणं, ही सहीपेक्षा पुष्कळदा मोठी मदत ठरते.

आणि जामीन राहिलेलं कर्ज फिटलं, तर कर्जदाराच्या "सगळं मिटलं हो" वर थांबू नये. संस्थेकडून बेबाकी दाखला घ्यायला त्याच्यासोबत जावं, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, धनादेश परत घेऊन पोच दिलेल्या कागदावर तशी नोंद करून घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी आपला पतअहवाल काढून ते कर्ज बंद दिसतंय का तेही बघावं. वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो.