नंदनवनात नंदी, पाकिटात ट्रॅक्टर!

क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघा, आणि चला!

पत्ता नंदनवन, नागपूर. नाव इंद्राच्या बागेचं, पण बाल्कनीत तुळशीची एक कुंडी आणि खाली पार्किंगवरून रोजची कुरबूर. अशा घरात व्हिंटेज ट्रॅक्टर आणि जुनी अवजारं जमवायचा छंद? काहून नाही बाप्पा!

माहीत आहे का, एक ट्रॅक्टर कदाचित तुमच्या घरात आधीच आहे? जुनी पाच रुपयांची नोट शोधा आणि उलटी करा. शेतकरीदादा ट्रॅक्टरवर बसलेत, मागे सूर्य उगवतोय. झालं, कलेक्शन सुरू! गुंतवणूक रुपये पाच फक्त.

त्याहून स्वस्त हवाय? 1955 साली पंचवार्षिक योजनेच्या टपाल तिकिटांची मालिका निघाली. त्यातल्या तीन पैच्या तिकिटावर कोण? ट्रॅक्टर! पैसे नाही हो, पै. रुपयाला 192 पै असायच्या, म्हणजे एका रुपयात 64 ट्रॅक्टर. असा सेल पुन्हा लागला नाही.

आता जगनाडे चौकात या. हा चौक ज्यांच्या नावाचा, ते संत संताजी जगनाडे तेल गाळणाऱ्या घरातले. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, हे सगळ्यांना पाठ. पण बैलाने फिरणारी लाकडी घाणी हेही अस्सल व्हिंटेज यंत्रच की! ऑइल चेंजची गरज नाही, उलट ऑइल तीच देते.

आणि तान्हा पोळा! दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांच्या काळापासून नागपूरची पोरं लाकडी नंदी मिरवतात. काही घरांत पणजोबांचा नंदी अजून माळ्यावर आहे. माझं स्पष्ट मत: विदर्भातलं सगळ्यात जुनं ‘ट्रॅक्टर मॉडेल’ हेच. चाकं चार, डिझेल शून्य, हॉर्न पोराच्या तोंडाचा.

अवजारांच्या नावांची तर वेगळीच गंमत. आपल्याकडचा वखर पश्चिम महाराष्ट्रात गेला की कुळव होतो, डवरा कोळपं होतो आणि पेरणीची तिफण पाभर होते. तिफण का, माहीत आहे का? तीन फण, म्हणून तिफण. आणि वखराच्या लोखंडी पात्याला म्हणतात पास. त्यामुळे वखर कधी नापास होत नाही!

जरा इथे थांबू, कारण पुढची गोष्ट माझी लाडकी आहे.

बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र काढलं आणि मग लोखंडी नांगर. गिऱ्हाईक? एकही नाही! लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याला पार्सल दोन दिवस उशिरा आलं तर आपण एक स्टार देतो. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1920 मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, आणि मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकंही. म्हणजे मराठी घरात कथा-कविता पोचवणाऱ्या मासिकांच्या मुळाशी चक्क नांगर होता. त्या काळातला बिडाचा नांगर भंगारवाल्याकडे किलोवर जाताना दिसला, तर प्लीज, त्याला अडवा.

बरं, आता खरा डुगडुग आवाज.

माहीत आहे का, एसीवाली व्होल्टास एकेकाळी ट्रॅक्टरच्या धंद्यात होती? 1963 मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली. मुंबईच्या कांदिवलीत बी-275 बनू लागला. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण 275 हा आकडा आजही शोरूममध्ये मिरवतोय. आपल्या हिंगणा एमआयडीसीतही महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. म्हणजे व्हिंटेजवाल्यांसाठी आजोळ कांदिवली, तर नातवंडं हिंगण्यात.

बोनस गॉसिप! 1945 मध्ये महिंद्रा कंपनी सुरू झाली तेव्हा नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये इथे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एम अँड एम ही आद्याक्षरं मात्र तीच!

नागपूर राजधानी असतानाचा एक किस्सा. तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात सागर, होशंगाबादकडच्या काळ्या जमिनी कांस गवताने गिळल्या होत्या. मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर हात टेकायचा. मग केंद्राच्या ट्रॅक्टर संघटनेने दुसऱ्या महायुद्धातून उरलेली अमेरिकी लष्कराची अवजड यंत्रं शेतात उतरवली. रणगाड्यांचे भाऊबंद गवताशी लढले! आणि माहीत आहे का, 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी एक, तब्बल एक कोटी डॉलरचं, याच कामाच्या ट्रॅक्टरांसाठी होतं.

1959 ला तर धमालच. 24 एप्रिलला फरीदाबादहून आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. त्यामागची धडपड कुणाची? आपल्या अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांची! अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते.

आता जरा फॉरेन टूर.

जर्मनीचा लांझ बुलडॉग, जन्म 1921. सुरू कसा करायचा? आधी ब्लो लँपने इंजिनाचं डोकं तापवा. मग स्टेअरिंग उपसून काढा, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसा आणि गरगर फिरवा. इंजिन धडधडलं की स्टेअरिंग परत जागेवर. चोराला चावी मिळून उपयोग काय, डिग्री लागायची!

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते कशावर? पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर. लँबोर्गिनी 1948 मध्ये ट्रॅक्टर बनवत होती, मोटारी 1963 नंतरच्या. आणि 2019 मध्ये इंग्लंडात जेसीबीच्या ट्रॅक्टरने ताशी 217 किलोमीटरचा वेग गाठला. वर्धा रोडवाल्यांनो, ट्राय करू नका.

जुना ट्रॅक्टर घ्यायचाच ठरवलंय? मग ‘किती किलोमीटर चालला?’ असं विचारून हसं करून घेऊ नका. ट्रॅक्टरचं वय घंट्यांत मोजतात, मीटरही तासांचाच असतो. मागच्या टायरात पाणी खळखळलं तर पंक्चर समजू नका, पकड वाढावी म्हणून ते मुद्दाम भरतात. ब्रेकचे पेडल दोन, डावं-उजवं वेगळं, म्हणजे शेताच्या कोपऱ्यात एकच चाक धरून गर्रकन वळता येतं. रस्त्यावर मात्र दोन्ही एकत्र अडकवायचे, नाहीतर गर्रकन नाल्यात. आणि बॅटरी म्हातारी असेल तर गावाकडचा युनिव्हर्सल उपाय: ट्रॅक्टर उतारावरच लावा!

नुसता शोसाठी ठेवू नका, प्लीज. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजूच्या पुलीला पट्टा चढवला की थ्रेशर चालतो, पिठाची गिरणीही चालते. उभा राहिला की गंजतो, रिटायर्ड माणसासारखाच.

एक बारीकशी तक्रार. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी आणि मोटारींना खास ‘व्हीए’ नंबर दिला. ट्रॅक्टर त्यात नाही! आजोबांच्या फियाटला व्हीआयपी प्लेट, आणि तिच्यासाठी पैसा कमावणारा बी-275 गोठ्याशेजारी तसाच. उलट जुन्याला नवं करायची हौस बघायची तर 2021 मध्येच आपल्या नितीन गडकरींनी स्वतःचा डिझेल ट्रॅक्टर सीएनजीवर आणला, देशातला पहिला. व्हिंटेजप्रेमी त्या दिवशी जरा गप्पच होते.

शेवटचा प्रश्न. एचएमटी म्हणजे काय? घड्याळ, बरोबर. ट्रॅक्टर? तेही बरोबर, 1971 पासून झेटॉरच्या सहकार्याने पिंजोरला बनायचे. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला 1983 मध्ये धानाच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. वर्षानुवर्षं निवडत त्यांनी नवं वाण तयार केलं. व्यापाऱ्याने ते नेलं आणि नाव ठेवलं, तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं: एचएमटी!

हा एचएमटी तांदूळ नंदनवनच्या किराणा दुकानात आजही मिळेल. अख्ख्या कलेक्शनमधला हा एकच पीस कुकरला लावता येतो. तीन शिट्ट्या पुरे.